साठीनंतरचं चालणं: पायांचा व्यायाम मेंदूपर्यंत कसा पोचवायचा

बरेच ज्येष्ठ रोज तासभर फिरून येतात. गप्पा मारत, रमतगमत, मध्ये दोनदा बसून. हे चालणं वाया जात नाही, घरात बसून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण स्मरणशक्ती आणि विचारांचा चटपटीतपणा टिकवण्यासाठी चालत असाल, तर त्याच तासात आणखी बरंच मिळवता येतं. त्यासाठी अंतर वाढवण्याची गरज नसते. थोडा वेळ दम लागेल अशा वेगानं चालायचं आणि त्या वेगापर्यंत पायरीपायरीनं पोचायचं, एवढंच. पायऱ्या गाळल्या की गुडघा दुखतो किंवा माणूस पडतो, आणि मग चालणंच सुटतं.

पुरावा काय सांगतो

२०११ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटानं वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचं आणि दुसऱ्यानं ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणी साठवण्याशी संबंधित भाग वयानुसार आक्रसत जातो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटात साधारण १.४ टक्क्यांनी घटला. या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. चालणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं चालवलं होतं. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ते ४० मिनिटांवर आले.

२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ७८ हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज साधारण ३,८०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं, ९,८०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये सुमारे ५० टक्क्यांनी. दिवसातली सर्वांत वेगाची ३० मिनिटं ज्यांची मिनिटाला ११२ पावलांच्या आसपास होती, त्यांच्यात ही घट त्याहूनही मोठी होती. या आकड्यांकडे थोडं सावधपणे बघायला हवं. मेंदूतला बिघाड सुरू झाला की माणूस आधीच हळू चालायला लागतो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा नोंदींवरून पूर्ण सुटं करता येत नाही.

उलट बाजूही आहे. ७० ते ८९ वयाच्या सुमारे १,६०० बैठ्या लोकांना दोन वर्षं चालणं, ताकद आणि तोल यांचे व्यायाम देऊन पाहिले, तेव्हा आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटापेक्षा त्यांची बुद्धिचाचणीतली कामगिरी सरस ठरली नाही. त्यामुळे ‘चाला आणि विस्मरण घालवा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चालल्यानं रक्तदाब, साखर, झोप आणि मनःस्थिती सुधारते, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना त्याचा फायदा मिळतो. धोका कमी होतो, पण खात्री कुणी देऊ शकत नाही.

आणि १०,००० पावलांचं काय? तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. तो गाठला नाही म्हणून हळहळायचं कारण नाही.

सुरू करण्याआधी तीन मोजमापं

घड्याळ, पाठीची पण बिनहाताची खुर्ची, मोजपट्टी आणि जवळ उभं राहायला एक माणूस एवढं पुरतं.

पहिलं, खुर्चीचं. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. हात छातीवर फुलीसारखे घ्या. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहणं आणि परत बसणं किती वेळा जमतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ आणि बायकांना १० यायला हव्यात. ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. कमी आल्या तर मांड्यांची ताकद कमी आहे, आणि वेग वाढवण्याआधी तिच्याकडे बघावं लागेल. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर आकडा शून्य लिहा. लाजून तीन-चार लिहिले, तर तीन महिन्यांनी तुलना करायला काही उरत नाही.

दुसरं, उठून चालण्याचं. खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करा. बसलेल्या स्थितीतून उठायचं, नेहमीच्या वेगानं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. वळताना किती छोटी पावलं पडतात तेही बघा. सात-आठ तुकड्यांत वळणाऱ्याचा तोल नाजूक असतो.

तिसरं, चालण्याचा वेग. ४ मीटरचा पट्टा आखा आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटर मोकळं सोडा. पहिली दोन पावलं हळू पडतात आणि शेवटी माणूस थांबायला लागतो, ती मोजण्यात येऊ नयेत म्हणून ही जागा. नेहमीच्या चालीनं ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे, म्हणजे मंद.

तारखेसह तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

चालताना छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, गेल्या वर्षभरात पडला असाल किंवा शुद्ध हरपली असेल, बीपी १८०/११० च्या वर असेल किंवा पावलाला भरत नसलेली जखम असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेहात पावलांची संवेदना गेलेली असू शकते, आणि तेव्हा जखम दुखत नाही. तळवे रोज आरशात बघायची सवय लावून घ्या.

औषधांचाही विचार हवा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी चढत नाही, म्हणून नाडीवरून वेग ठरवू नका. इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर तपासावी आणि ती १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन निघावं. खिशात ग्लुकोज ठेवावं. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे उठल्यावर घेरी येऊ शकते. अंथरुणातून थेट दारात जाऊ नका. कडेला दोन मिनिटं बसा, पाय हलवा, उभे राहा, मग निघा. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्यावर पडलात, तर काही वाटत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कवटीच्या आत साचणारं रक्त कधी कधी काही दिवसांनी त्रास देतं.

बूट

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. उभं राहून बघा: सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाचेमागचा कप दोन बोटांनी दाबला तर चेपता कामा नये. सोल चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. गादीसारखा जाड मऊ सोल गुडघ्याला सुखाचा वाटतो, पण त्यातून जमीन नीट कळत नाही आणि वय झालेल्या माणसाचा तोल जमीन कळण्यावर टिकतो. उघड्या टाचेच्या चपला या कामाला नकोत. त्या धरून ठेवायला बोटं आकसतात आणि पाऊल घासत पडतं.

जुने बूट टाकण्याआधी उलटे करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचं. पण एका बुटाचं टोक दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलं असेल तर तो पाय पुरेसा उचलला जात नाही. असा माणूस चालताना कान दिला तर ‘टप-खर्र, टप-खर्र’ असा आवाज येतो. तो पाय एक दिवस सतरंजीच्या कडेला अडकणार. घोट्याची ताकद, मज्जातंतू किंवा पूर्वी नकळत येऊन गेलेला छोटा पक्षाघात, यांपैकी काय आहे ते तपासून घ्यायला हवं.

वेग म्हणजे नेमका किती

सोपी खूण अशी: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. गाणं निवांत म्हणता आलं तर वेग कमी. दोन-तीन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला तर जास्त.

आकडा हवा असेल तर १५ सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजा आणि चारनं गुणा. १५ सेकंदांत २५, म्हणजे मिनिटाला १००, हा मध्यम श्रमाचा ढोबळ उंबरठा. उंची, गुडघे आणि वय यांनुसार तो थोडा सरकतो. ८० वर्षांच्या माणसाला ९० पावलांवरच गाणं थांबवावं लागत असेल तर त्याच्यासाठी ९० हाच वेग. आकडा आणि श्वास यांचं जमलं नाही तर श्वासाचं ऐका.

वेग वाढवताना लोक ढांगा लांब टाकायला जातात. टाच शरीराच्या खूप पुढे आदळते, गुडघ्याला झटका बसतो आणि नडगी दुखते. पावलं तेवढीच ठेवून ती भराभर टाका. त्यासाठी कोपर काटकोनात वाकवून हात मागे ढकला. हात भरभर हलले की पाय आपोआप मागोमाग येतात. नजर चार-पाच मीटर पुढे ठेवा. पायांकडे बघत चालणाऱ्याची मान आणि पाठ वाकते, आणि समोरचा खड्डाही त्याला उशिरा दिसतो. फोन खिशात.

बारा आठवडे

पहिले दोन आठवडे: १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, जमेल त्या वेगानं. एवढ्यानं काय होणार असं वाटेल. या पंधरवड्यात फक्त वेळ पक्की करायची आहे आणि पावलांना बुटांची सवय लावायची आहे. ज्यांना १० मिनिटंही सलग जमत नाहीत, त्यांनी पाच-पाच मिनिटांचे दोन भाग करावेत.

तिसरा-चौथा आठवडा: २० मिनिटं. पहिली ५ मिनिटं सावकाश. मग १ मिनिट वेगानं आणि २ मिनिटं हळू, असं चार वेळा. उरलेली मिनिटं सावकाश.

पाचवा ते आठवा: ३० मिनिटं. ५ मिनिटं सावकाश, मग २ मिनिटं वेगानं आणि २ हळू असे पाच फेरे, शेवटी ५ सावकाश. शेवटची ५ मिनिटं गाळू नका. वेगात चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, दाब घसरतो आणि घराच्या पायरीवरच चक्कर येते.

नववा ते बारावा: ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पुढची-मागची ५ मिनिटं तशीच, मधे ३ मिनिटं वेगानं आणि ३ हळू असे पाच फेरे. हा ३-३ चा साचा जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात ज्येष्ठांवर वापरला गेला. पाच महिन्यांनंतर मांड्यांची ताकद, दमसास आणि रक्तदाब या तिन्हींत तो एकाच संथ वेगाच्या चालण्यापेक्षा सरस ठरला. पाचव्या दिवशी हवं तर मित्रांबरोबर रमतगमत फिरा. चार दिवसांचे १६० मिनिटं होतात, म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटांची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वेळेच्या हिशेबात पूर्ण होते.

पायरी चढायची की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवा. स्नायू जड वाटले तर चालेल. सांधा सुजला किंवा २४ तासांनंतरही दुखत राहिला, तर वेळ एक तृतीयांशानं कमी करून आठवडाभर तिथेच थांबा. आजारपणात आठवडाभर खंड पडला तर आधीच्या टप्प्यावर परत या. सोडलेल्या जागेपासूनच पुढे जायच्या हट्टापायी अनेकांचं वेळापत्रक मोडतं.

मोठ्या वर्दळीच्या रस्त्याच्या कडेनं चालू नका. हवेचं प्रदूषण हा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याच्या घटकांपैकी एक आहे. शंभर-दोनशे मीटर आतली गल्ली धरली तरी फरक पडतो.

नुसतं चालणं अपुरं पडतं ते इथे

चालण्यानं तोल फारसा सुधारत नाही. ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला भराभर चालायला लावलं तर तो पडायची शक्यता उलट वाढते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, चालण्याआधी किंवा नंतर दहा मिनिटं एवढं करा. खुर्चीतून उठणं-बसणं ८ ते १० वेळा, दोनदा. जड टेबलाला धरून टाचा उचलणं १० वेळा, दोनदा. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं. आधी दोन्ही हात टेबलावर, मग एक, मग फक्त बोटांची टोकं. डोळे मिटून करायची घाई नको.

काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या रेघेशी यावी. त्याहून उंच काठी खांदा वर ढकलते. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला, ओल्या फरशीवर ते घसरतं.

चालताना डोक्याला काम

चालणं आपल्याला आपोआप होणारं वाटतं. प्रत्यक्षात वय वाढतं तसं त्यात लक्ष जास्त खर्ची पडू लागतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट नोंदवली: बोलायला लागलं की चालायचं थांबणारे वृद्ध पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात. हे घरच्यांनाही सहज बघता येतं.

याचाच व्यायाम करता येतो, पण चौथ्या आठवड्यानंतर, सपाट आणि ओळखीच्या जागी, आणि फक्त सावकाश मिनिटांत. १०० मधून तीन-तीन वजा करत जा. किंवा एक फळ, एक गाव, पुन्हा एक फळ अशी आलटूनपालटून नावं घ्या. हिशेब चुकला तरी हरकत नाही. पावलं अडखळली किंवा वेग एकदम निम्म्यावर आला तर तो खेळ थांबवा, काम पेलवत नाही असा त्याचा अर्थ. रस्ता ओलांडताना आणि जिन्यात डोकं रिकामं ठेवा.

आम्हाला याहून आवडणारा प्रकार म्हणजे वाट बदलणं. आठवड्यातून एकदा नवी वाट घ्या, जाताना पाच खुणा मनात ठेवा, परतताना दुसऱ्या रस्त्यानं या आणि घरी आल्यावर दोन्ही वाटा कागदावर काढा. जागा लक्षात ठेवणं हे हिप्पोकॅम्पसचं एक मुख्य काम आहे, तेव्हा त्याला त्याच्या कामाला लावलेलं बरं.

विसरायला होऊ लागलेल्या माणसासाठी मात्र हे उलटं करा. एकच वाट, एकच वेळ, सोबत कुणीतरी, आणि खिशात नाव व घरचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड. शेजारून चाला. पुढून हात ओढला की माणूस मागे जोर लावतो आणि तोल जातो. सूचना एकावेळी एकच द्या: ‘आता वळू या.’ वळून झालं की पुढची.

कुठे दुखतं त्यावरून काय समजायचं

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं की मिनिटा-दोन मिनिटांत सुटते: पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असण्याची शंका घ्या आणि तपासून घ्या. यात चालणं बहुधा बंद करायचं नसतं. दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं हाच उपचाराचा भाग असतो, पण देखरेखीखाली. मांड्या आणि कंबर जड होऊन पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावरच बरं वाटत असेल तर मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली की थांबा, बसा आणि मदत बोलवा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा. पक्षाघाताचे उपचार तासांच्या आत करायचे असतात.

काही महिन्यांत चाल अशी झाली की पावलं जमिनीला चिकटल्यासारखी आणि फाकून पडतात, त्याबरोबर लघवी आवरत नाही आणि विसरणं वाढलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा एक आजार असा दिसतो आणि योग्य वेळी नळी बसवल्यास, विशेषतः चाल, पुष्कळ सुधारू शकते. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड रक्ताच्या साध्या तपासण्यांत कळतो. आणि कान. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच फिरायला जा. मागून येणारं वाहन कळतं आणि सोबत्याशी बोलणं होतं.

तीन महिन्यांनी

रोज वहीत चार गोष्टी लिहा: एकूण मिनिटं, त्यातली वेगाची मिनिटं, वेगात असताना वाक्य बोलता आलं का, आणि कुठे दुखलं का. बाराव्या आठवड्यात तीच खुर्ची, तोच पट्टा, तेच बूट आणि दिवसाची तीच वेळ धरून तिन्ही मोजमापं परत घ्या. ४ मीटरला ५ सेकंदांऐवजी साडेचार लागले तर वेग ०.८ वरून जवळजवळ ०.९ वर आला, आणि या वयात ही वाढ ठळक मानतात. नाव पटकन आठवणं वगैरे फरक तीन महिन्यांत जाणवेलच असं नाही, ते शोधत बसू नका.

नियमित चालूनही वेग घटला असेल, आणि विसरण्याची तक्रार घरच्यांच्याही कानावर येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मंद चाल आणि विस्मरणाची तक्रार ही जोडी पुढच्या स्मृतिभ्रंशाची आगाऊ सूचना ठरू शकते. अशा वेळी ‘हल्ली हळू चालतात’ म्हणण्यापेक्षा तारखेसह लिहिलेले दोन आकडे डॉक्टरांच्या जास्त कामाचे असतात.